जमैकातली ज्वारी

जून महिन्यात शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापिकांनी शिक्षिकांना एका खोलीत बोलावलं आणि सांगितलं, की यापुढं मराठीतून शिकवायचं. माझी पत्नी त्या शाळेत भूगोल शिकवत असे. संध्याकाळी ती घरी आली, तिनं चपला काढल्या, हातपाय धुतले आणि मला हे सांगितलं. मग ती भाकरी टाकायला बसली.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. निर्णय योग्य होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आमच्या मुलखातली कितीतरी मुलं घरी मराठी बोलायची आणि शाळेत उर्दूतून गणित, इतिहास, भूगोल शिकायची. ते कधीतरी बदलायलाच हवं होतं. मी गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. कारभार मराठीत येऊ लागल्यापासून छापखान्याचं काम वाढलं होतं आणि माझी नोकरी पक्की झाली होती. एकाच बदलानं आमच्या घरात एकाला काम दिलं आणि दुसऱ्याचं काम टांगणीला लावलं. त्या संध्याकाळी ही गोष्ट आम्ही दोघांनीही बोलून दाखवली नाही.

ती गेल्यावर मी हे लिहायला घेतलं आहे. लिहिण्याची सवय मला नाही, दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्याची आहे, म्हणून एकेक पान पुरं व्हायला बरेच दिवस लागतात.

तिचा जन्म औरंगाबाद शहरातला. वडील कचेरीत होते आणि मुलीनं शिकावं असं वाटणाऱ्या थोड्या माणसांपैकी होते. तिचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं. त्या जूनपर्यंत शाळेत मुली तिला उस्तानीजी म्हणत, पुढं बाई म्हणू लागल्या. मी कन्नड तालुक्यातला. माझ्या वडिलांनी मला घाटाखाली चाळीसगावला मामाकडे ठेवलं, कारण तो इंग्रजी मुलूख होता आणि तिथं मराठी शाळा होती. त्यामुळं उर्दूचं एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं, आणि तिला मराठी वाचता येई ते एखाद्या पाहुण्यानं परक्या घरात वावरावं तसं. घरात मात्र आम्ही मराठीच बोलत होतो. तिची मराठी आईकडून आलेली, शहरातल्या गल्लीची, दख्खनीत बुडवून काढलेली. तिच्यात ‘कामून’ होतं, ‘लई’ होतं, भाजी, लग्न, आजारपण, भांडण हे सगळं होतं. अक्षांश आणि रेखांश नव्हते.

मुख्याध्यापिकांनी आणखी एक सांगितलं होतं. हिवाळ्यात तपासणीसाठी साहेब येतील आणि प्रत्येकीचा एकेक पाठ बघतील. ज्यांची मराठी पुरेल त्यांच्याकडे वरचे वर्ग राहतील. बाकीच्यांना खालचे वर्ग, नाहीतर शिवणकाम. तिच्याबरोबरच्या दोन उस्तान्यांना मराठी मुळीच येत नव्हतं. त्या दिवाळीआधीच आपापल्या घरच्यांबरोबर हैदराबादला निघून गेल्या. जाताना एक जण तिच्या गळ्यात पडून रडली. दुसरी उर्दूत म्हणाली, “तुझं बरंय, तुला घरातच मास्तर आहे.”

तिला नववीचा भूगोल हवा होता. नोकरी राहिली असती, पगारही राहिला असता. प्रश्न तो नव्हता. नववीला जगाचा भूगोल होता. त्याखालच्या वर्गांना जिल्हा, राज्य, देश. ती म्हणायची, “नववीत पोरी पहिल्यांदा घराबाहेर पडतात. त्याच्यानंतर बहुतेकींची लग्नं व्हतात.”

मग आमचे सकाळचे धडे सुरू झाले. चहा झाला की ती पाट घेऊन बसायची. ती उर्दू शब्द सांगायची, त्याचा अर्थ समजावायची, आणि मी छापखान्यात आलेल्या नव्या क्रमिक पुस्तकांत पाहिलेला मराठी शब्द द्यायचो.

“आबनाए,” ती म्हणाली. “दोन समुद्र जोडणारी पाण्याची पट्टी.”

“सामुद्रधुनी.”

“एवढं लांब? बोलूस्तोवर जहाज पार व्हईल की.”

मी हसलो नाही. तेव्हा मी असे शब्द फार गंभीरपणे घेत असे. तिला खतेउस्तुवाचं विषुववृत्त झालेलं चाललं, व्यापारी वारे आवडले. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द मात्र तिला पटला नाही.

“छाया म्हनलं की गार वाटतं,” ती म्हणाली. “इथं तर मानसं होरपळतात. आपुन सह्याद्रीच्या पाठीमागं बसलोय, कोकणात धो धो, आणि आपल्याकडं आभाळ बघायचं. याला छाया कामून म्हणायचं?”

“पुस्तकात तसंच आहे.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि शब्द पाठ करू लागली.

साहेबांसमोर घ्यायचा पाठ तिनं स्वतः निवडला: वेस्ट इंडीजची बेटं. का, हे मला आधी कळलं नाही. क्रमिक पुस्तकात त्या बेटांना जेमतेम दोन पानं होती. स्थान, हवामान, पिकं, बंदरं. पिकांच्या मथळ्याखाली ऊस, केळी, कॉफी, तंबाखू. ती म्हणाली की एका तासात पुरं जग दाखवायचं असेल तर तेच बरं. तिथं डोंगर आहे, वारा आहे, पाऊस आहे, आणि जगातल्या निम्म्या दिशांनी आणलेली माणसं आहेत. तिनं स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. मीही नाही.

ती मला ती बेटं समजावून सांगायची आणि मी तिची वाक्यं दुरुस्त करायचो. तिच्या तोंडून ऐकलेलं मला आजही जसंच्या तसं आठवतं. ही बेटं म्हणजे पाण्यात बुडालेल्या डोंगरांची डोकी आहेत. वेरूळचा डोंगर गळ्यापर्यंत बुडाला तर वर जे राहील, ते बेट. अशी डोकी उत्तर अमेरिकेच्या टोकापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत कमानीसारखी लागली आहेत. वारे ईशान्येकडून येतात आणि समुद्राचं पाणी घेऊन येतात. ज्या बाजूला वारा आदळतो ती हिरवी, डोंगराच्या आडोशाची बाजू कोरडी. प्रत्येक बेटाला एक कोकण आहे आणि एक मराठवाडा आहे. बार्बाडोस सपाट, म्हणून सगळा ऊस. त्रिनिदादला डांबराचं तळं आहे. जमैकाच्या पूर्वेला उंच डोंगर, तिथं कॉफी. आणि सगळीकडे वर्षातून काही महिने वादळाची धास्ती.

मग ती माणसांकडे यायची. तिथले मूळचे लोक परक्या रोगांनी आणि जुलमानं थोड्याच पिढ्यांत बहुतेक संपले. ऊस लावायला हात हवे होते, म्हणून आफ्रिकेतून माणसं विकत आणली. पुढं गुलामी कायद्यानं बंद झाली तेव्हा मळेवाल्यांनी कलकत्त्याहून करारावर मजूर नेले. मळ्याचा मालक इंग्लंडात राहायचा. त्यानं बेट पाहिलेलंही नसायचं कधीकधी.

“जमीन इथं, मालक तिथं, मजूर तिसरीकडचा,” ती म्हणायची. “आणि साखर खाणारा चौथाच. हे मराठीत नीट सांगता आलं पायजे मला.”

नीट सांगता येत नव्हतं, हीच अडचण होती. पाठ केलेली वाक्यं ती स्वच्छ म्हणायची, पण एखादी मुलगी मध्येच काही विचारायची आणि वाक्यांची माळ तुटायची. अशा वेळी तिच्या तोंडी उर्दू यायचं. मुलींना ते कळायचं, त्यांचंही आधीचं शिक्षण त्याच भाषेत झालेलं. पण आता ते चालणार नव्हतं.

म्हणून तिनं बोलणं कमी करायची युक्ती काढली. शाळेच्या मागं भिंतीला लागून रिकामी जागा होती. तिथं मुलींकडून तिनं मातीचं बेट करून घेतलं. खाम नदीच्या काठची काळी माती घमेल्यांनी आणली. पहिलं बेट दुसऱ्या दिवशी भेगाळलं आणि मुली त्या भेगांना नद्या म्हणू लागल्या. मग त्यांच्यापैकीच कुणीतरी सांगितलं, की घर सारवताना घालतात तसा भुसा घालावा. भुसा घातलेलं बेट टिकलं. एका बाजूनं झारीनं पाऊस पाडायचा. डोंगराच्या एका अंगाला ओघळ, दुसरं अंग कोरडं. पर्जन्यछाया हा शब्द एकदाच म्हणायचा, बाकीचं पाणी सांगे.

पुढं तिनं त्यात खेळ आणला. एक मुलगी मालक, ती लांब व्हरांड्याच्या पायरीवर बसायची, तो इंग्लंड. दोघी-तिघी मुकादम, बाकी सगळ्या मजूर. एक जण टोपली घेऊन जहाज व्हायची. मजुरांनी बेटावर ऊस लावायचा, म्हणजे गवताच्या काड्या रोवायच्या. जहाज गुळाचे खडे घेऊन इंग्लंडला जायचं आणि येताना पीठ, खारवलेले मासे, कापड आणायचं. पिठाला तांदळाचे दाणे, माशांना चिंचोके, कापडाला कागद. नियम एकच होता. बेटावर जे पिकतं ते बेटावर खायचं नाही, आणि बेटावर जे खायचं ते जहाजानं आणायचं.

पहिल्याच दिवशी ती हसत घरी आली.

“पोरींनी जमैकात ज्वारी पेरली.”

“म्हणजे?”

“ऊस लावला सांगितला तसा. पण डोंगराच्या पाठीमागं, कोरड्या अंगाला, थोडे ज्वारीचे दाणे टाकून ठेवले. मी म्हनलं, हे काय? तर म्हणे, बाई, थोडीच पेरली, कोपऱ्यात.”

“काढायला लावलीस ना?”

“लावली.”

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीनं बेट केलं आणि तिथंही ज्वारी आली. या मुलींनी पहिल्या तुकडीचं बेट पाहिलं नव्हतं. तिनं पुन्हा काढायला लावली. मालक झालेली मुलगी पायरीवरून ओरडायची, “माझ्या जमिनीत कुणी पेरलं गं?” आणि मजूर झालेल्या म्हणायच्या, “मालकीणबाई, तुम्ही लंडनला हायत, तुम्हाला दिसत नाय.” वर्गात हशा व्हायचा. पण ज्वारी येतच राहिली. त्यांच्यात वेरूळजवळच्या खेड्यातली एक मुलगी होती, शहरात मावशीकडे राहून शिकणारी. ती थोडी जास्त बोलायची. तिनं एकदा सरळ विचारलं, “बाई, बोट नाय आली तर?”

पत्नीनं मला हे सांगितलं आणि आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवली.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या महिन्यांत आमच्या राज्याच्या सरहद्दींवरून माल आत येणं बंद पडत गेलं होतं. रॉकेल मिळेना, मीठ मिळेना, औषधं मिळेनात. आमच्या शेजारी एका बाळंतिणीसाठी मीठ मागायला बायका दारोदार फिरल्या होत्या. राज्याच्या चारही बाजूंना जमीनच होती, पण त्या दिवसांत आम्ही बेटावर राहिलो होतो. या मुली तेव्हा लहान होत्या. त्यांच्या घरात कणगीत ज्वारी होती म्हणून त्यांनी ते दिवस काढले. आता कुणी त्यांना सांगत होतं, की सगळ्या जमिनीत ऊस लावा आणि जेवणासाठी जहाजाची वाट पाहा. दुसरीकडच्या मुलींनी कदाचित ते ऐकलं असतं.

“तरी साहेबांपुढं ज्वारी नको,” मी म्हणालो.

“नाय, साहेबांपुढं नको,” ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी तिनं शहरातल्या ग्रंथालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं. इंग्रजी आम्हा दोघांनाही अडखळत येई. ती एका रविवारी दुपारी वाचत बसली होती आणि मी कणीक मळत होतो, कारण तिनं वाचताना उठू नये असं मला वाटत होतं. तिनं मध्येच मला हाक मारली आणि एक उतारा आधी इंग्रजीत वाचला, मग उर्दूत, मग मराठीत सांगायला लागली. जमैकातल्या मळ्यांवर गुलामांना डोंगराच्या उतारावरची, उसाला निरुपयोगी अशी खडकाळ जमीन थोडी थोडी दिलेली असे. सुट्टीच्या दिवशी ते तिथं कंदमुळं लावत. तेच खाऊन ते जगत. काही उरलं तर रविवारच्या बाजारात नेऊन विकत, आणि त्या बाजारात बायका पुढं असत. पुढं गुलामी सुटली तेव्हा पुष्कळ माणसं मळा सोडून डोंगरात गेली आणि अशाच तुकड्यांवर राहिली.

मी म्हणालो, “म्हणजे मुली बरोबर होत्या.”

ती लगेच हो म्हणाली नाही. तिचा स्वभाव तसा नव्हता. “थांबा,” ती म्हणाली. “मालकानं तो तुकडा दिला कामून? त्यांना खायला घालायला नको म्हणून. जेवढं ते स्वतः पिकवतील तेवढं त्याचं पीठ वाचलं. म्हणजे ज्वारी त्यांचीही आणि मालकाचीही.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “हे पोरींना सांगायला पायजे. नुसतं शाबास म्हणून नाय भागणार.”

माझ्या हाताला कणीक लागलेली होती. मला आठवतं, त्या क्षणी मला तिच्याबद्दल मोठा आदर वाटला आणि तपासणीची मोठी भीती वाटली. मी म्हणालो, की ते सगळं तपासणीनंतर सांग. आम्ही दोन वाक्यं तयार केली. जर मुलींनी साहेबांसमोर ज्वारी पेरलीच, तर तिनं म्हणायचं: “हे पीक जमैकात होत नाही. तिथली मुख्य पिकं ऊस, केळी आणि कॉफी.” ही वाक्यं खोटी नव्हती. तिनं ती चारदा म्हणून दाखवली. ‘मुख्य’ तिच्या तोंडी ‘मुक्य’ व्हायचं, तेही सुधारलं.

तपासणीच्या दिवशी मी छापखान्यात होतो. पुढचं मी तिच्याकडून ऐकलं, आणि कितीतरी वर्षांनी त्या वर्गातल्या एका बाईकडून, जी तेव्हा जहाज झाली होती. दोघींच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता.

साहेब पुण्याकडचे होते. मध्यमवयीन, शांत बोलणारे. त्यांनी बेट पाहिलं आणि त्यांना ते आवडलं. झारीचा पाऊस पडताना ते खाली वाकून पाहत होते. तिनं स्थान सांगितलं, वारे सांगितले, पर्जन्यछाया म्हटलं. सगळं नीट चाललं होतं. मग खेळ सुरू झाला आणि साहेब बेटाच्या मागच्या बाजूला गेले.

“हे काय लावलंत?”

“ऊस, साहेब.”

“तो दिसला. हे इकडं, मागं?”

“ज्वारी.”

“जमैकात ज्वारी?” साहेब हसले, आणि वर्गही हसला.

वेरूळकडची मुलगी म्हणाली, “बोट नाय आली तर मजूर काय खातील, साहेब?”

“बोट का येणार नाही?”

“आमच्याकडं नव्हती आली की. मीठ नव्हतं गावात.”

“तुमच्याकडं बोट कशी येणार? इथं समुद्र आहे का?”

“तेच म्हणते मी, साहेब,” मुलगी म्हणाली. “मधी समुद्र नव्हता, तरी मीठ नाय आलं.”

पुन्हा हशा झाला. साहेब रागावले नाहीत. ते पत्नीकडे वळून म्हणाले, “बाई, पुस्तकात जमैकाची पिकं कोणती दिली आहेत, तेवढं मुलींना सांगा आणि पुढं चला.”

तिनं पहिलं वाक्य म्हटलं. “हे पीक जमैकात होत नाही.” ती थांबली. मग म्हणाली, “पण मुलगी चुकली नाय.”

आणि ती सांगू लागली. खडकाळ जमिनीचे तुकडे, रविवारचा बाजार, बाजारातल्या बायका. तिथपर्यंत मराठी पुरली. मग मालकाचा फायदा कोणता आणि मजुराचा कोणता, एकाच तुकड्यात दोघांचं काय आहे, हे सांगायची वेळ आली. ती वाक्यं आम्ही तयार केलेली नव्हती. ती अडली, एकदा, दोनदा, आणि उर्दूत गेली. उर्दूत गेल्यावर ती थांबली नाही. जहाज झालेली बाई मला म्हणाली, की बाई इतक्या बोललेल्या आम्ही कधी ऐकल्या नव्हत्या. मातीच्या बेटाभोवती सगळ्या उकिडव्या बसल्या होत्या आणि कुणी हलत नव्हतं. साहेबांना उर्दू येत नव्हतं. ते हातात टोपी घेऊन शेवटपर्यंत उभे राहिले, मध्ये बोलले नाहीत.

तास संपल्यावर ते तिला म्हणाले, “बाई, आपल्याला विषय फार चांगला येतो. पण शिकवायचं मराठीतून आहे.”

“व्हय,” ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, “ती दोन वाक्यं आठवली नाहीत का?”

“आठवत होती.”

“मग?”

ती ज्वारी निवडत बसली होती. सुपातले खडे बाजूला काढत म्हणाली, “ती पोर माझ्याकडं बघत होती. मी म्हनलं असतं चूक, तर तिनं ऐकलं असतं. तिला ते जन्मभर खरं वाटलं असतं.”

मी पाट ओढून तिच्याजवळ खडे निवडायला बसलो. 

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नववीचा भूगोल पुण्याहून आलेल्या नव्या बाईंकडे गेला. त्या चांगल्या शिक्षिका होत्या आणि त्यांची मराठी स्वच्छ होती. माझ्या पत्नीकडे चौथीचा वर्ग आणि शिवणकाम आलं. ज्वारीमुळं की उर्दूमुळं, हे मला सांगता येत नाही. मी पुष्कळ विचार केला आहे. ज्वारी चूक म्हटली असती तर उर्दूची वेळ आली नसती, आणि मराठी पुरली असती तर ज्वारी कदाचित खपून गेली असती. साहेबांना मी दोष देत नाही. त्यांनी जे पाहायचं होतं ते पाहिलं. त्यांना जे ऐकू आलं नाही, ते त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

तिनं आपली उर्दू भूगोलाची पुस्तकं आणि नकाशे एका शनिवारी शहागंजकडच्या उर्दू शाळेला देऊन टाकले. मी म्हणालो, ठेव, पुढं लागतील. ती म्हणाली, “वाचणारं कोण हाय घरात?” हे ती टोमणा म्हणून म्हणाली नव्हती. पण मला वाचता येत नव्हतं, हे खरं होतं. काही वर्षांनी तिची मराठी माझ्याइतकी सफाईदार झाली. तोवर वरच्या वर्गांना भूगोल शिकवणाऱ्या पुष्कळ जणी झाल्या होत्या आणि तिनं पुन्हा मागितला नाही. शिवणात तिचा हात चांगला बसला. काजं करायची तिची पद्धत शहरभर मुली वापरू लागल्या. कधी कुणी विचारलं, तर ती सांगायची, की मी शिवण शिकवते. त्याआधीचं सांगत नसे.

एकदाच, निवृत्तीच्या जरा आधी, आम्ही कन्नडला माझ्या पुतण्याच्या घरी एसटीनं निघालो होतो. तोवर तिकडे साखर कारखाना झाला होता. उसाच्या गाड्यांनी रस्ता अडला आणि एसटी थांबून राहिली. रस्त्याच्या कडेला तोडणीला आलेल्या मजुरांच्या पाचटाच्या कोप्या होत्या. ती खिडकीतून पाहत होती, मग म्हणाली, मी जरा उतरते. एका कोपीशी बाई भांडी घासत होती. ती तिच्याशी बोलायला लागली. मी खिडकीतून ऐकत होतो.

“कुठून आलात?”

“पैठणाच्या खालून. आमच्याकडं पाणी नाय, बाई.”

“घरी शेत हाय?”

“हाय थोडं. बाजरी टाकलीय. सासू बघती.”

“आणि इथं काय खाता?”

“घरून आणलंय पीठ. संपलं की इकत घ्यायचं.” मग त्या बाईनं विचारलं, “तुमी कारखान्याच्या का?”

“नाय, मी शिवणाची बाई,” माझी पत्नी म्हणाली.

ती परत येऊन माझ्या शेजारी बसली. गाडी निघाली. बऱ्याच वेळानं, आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, “कोरड्या अंगाची माणसं ओल्या अंगाला ऊस तोडायला येतात. मधी समुद्र लागत नाय, एवढंच.” मी तिच्याकडे पाहिलं. ती वाक्य अगदी न अडखळता बोलली होती, जसं वर्गासमोर बोलावं.  कन्नड येईपर्यंत ती बाहेर पाहत राहिली.

ती आजारी पडली तेव्हा शेवटचे काही महिने घरातच होती. भेटायला येणाऱ्या बायका बहुतेक तिच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. त्या तिच्या उशाशी बसून लेकींच्या लग्नाच्या, झंपरांच्या गोष्टी करायच्या. वेरूळकडची मुलगी आली नाही. ती कुठं आहे हे आम्हाला कधी कळलं नाही. आपलं म्हणणं बरोबर होतं आणि त्याची किंमत बाईंनी मोजली, हे तिला ठाऊक असण्याचं कारण नाही. पत्नीला ते तसंच हवं होतं, असं मला वाटतं. पण मी तिला तसं कधी विचारलं नाही, आणि आता विचारता येत नाही.

आता घरात मी एकटा असतो. सकाळी चहा करतो, वर्तमानपत्र वाचतो, दुपारी हे लिहितो. तिच्या हातचं शिवण घरात पुष्कळ आहे: उशांचे अभ्रे, दोन पडदे, माझ्या बंड्या, एक अर्धी राहिलेली गोधडी. भूगोलाचं काही उरलेलं नाही.